तापीच्या अल्याड-पल्याड

भुसावळहून खांडव्याकडे निघालेली गाडी रावेर सोडते. केळीच्या बागा काही संपत नाहीत, महाराष्ट्र मात्र संपतो आणि बुऱ्हाणपूर येतं. इतिहासाच्या पुस्तकांत हे नाव आपण इतक्यांदा वाचलेलं असतं, की ते गाव खरोखर कुठेतरी आहे आणि तिथे उतरता येतं, हे सुचतच नाही. दिल्लीची गाडी धरलेला मराठी माणूस बहुधा झोपेतच ते ओलांडतो.

स्टेशन लालबागेत, जुनं शहर तिथून काही किलोमीटरवर तापीकाठी. मी मात्र आधी कुंडी भंडाऱ्याकडे चालू लागलो. नदीकाठच्या शहराची सुरुवात जमिनीखालून करावी, असं हे बहुधा एकच शहर. लोखंडी पाळण्यातून सुमारे 80 फूट खाली उतरलं की अरुंद बोगद्यात निवळशंख पाणी वाहताना दिसतं. भिंतींवर चुन्याची पांढरी पुटं चढलेली. सातपुड्यातून झिरपत तापीकडे निघालेलं पाणी वाटेतच गाठायचं आणि नुसत्या उताराच्या जोरावर शहरात आणायचं, ही इराणी युक्ती. मोट नाही, रहाट नाही. हवा खेळावी, गाळ काढता यावा म्हणून अंतराअंतरावर विहिरीसारख्या कुंड्या, शंभराच्या वर. 1615 च्या सुमारास हे काम झालं ते अब्दुर्रहीम खानखानानाच्या पुढाकाराने. शाळेत हिंदीच्या पुस्तकात ज्याचे दोहे पाठ केले, तो रहीम हाच.

तापी उशाशी असताना एवढा खटाटोप कशाला? शहर उंच काठावर, पात्र खोल, पावसाळ्यात पाणी गढूळ. त्यात दख्खनच्या मोहिमांची फौज इथेच तळ देऊन बसायची. शत्रूने नदीत विष कालवलं तर, अशीही धास्ती होती म्हणतात. मुघलांनी बांधलेल्या सगळ्या इमारती एकीकडे आणि हा बोगदा एकीकडे; मी बोगद्याच्या बाजूने.

शनवारा दरवाजातून आत शिरलं की गल्ल्या आवळत जातात आणि कुठून ना कुठून यंत्रमागांची खडखड कानावर येते. कापडाचं हे गाव मुघल काळापासूनचं. बाजारात हिंदी बोलता बोलता माणसं सहज मराठीवर येतात. ‘गरम आहे दादा, बसून खा,’ म्हणत एका हलवायाने मावा जिलेबी पुढे केली. खव्याची, काळपट, जाड. दोन खाल्ल्या की जेवणाची गरज उरत नाही.

जामा मशीद बाजाराच्या मधोमध. दोन उंच मिनार आहेत, पण घुमट नाही. खानदेशच्या फारुकी सुलतानांपैकी आदिलशाह फारुकीने ती सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधली. आत अरबीबरोबर संस्कृत शिलालेख आहे आणि त्यात संवत 1646, शके 1511 अशी कालगणना दिलेली आहे. अकबराने 1601 मध्ये असीरगड घेतला आणि फारुकींचं राज्य संपलं. इथल्या भिंतीवर त्यानेही स्वतःचा लेख कोरवला.

शाही किल्ल्याचा बराच भाग पडला आहे. हमामखान्याच्या छतावरची रंगीत नक्षी मात्र टिकून आहे. याच शहरात जून 1631 मध्ये चौदाव्या बाळंतपणात मुमताजमहल गेली. तिला पुरलं ते नदीपलीकडे, जैनाबादच्या आहुखान्यात, म्हणजे हरणांच्या बागेत. त्याच वर्षाच्या अखेरीस देह आग्र्याला नेला. पुरंदरच्या तहामुळे आपल्याला ठाऊक असलेला मिर्झाराजा जयसिंगही 1667 मध्ये बुऱ्हाणपुरातच वारला. तापी-मोहना संगमावर त्याची छत्री आहे.

राज्याभिषेक उरकताच, 1681 च्या जानेवारीअखेर, संभाजीराजांच्या फौजेने शहराबाहेरचं बहादूरपुरा हे श्रीमंत उपनगर लुटलं. गावाच्या तटामागे बसलेल्या सुभ्याच्या फौजेला काही करता आलं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात औरंगजेब स्वतः बुऱ्हाणपुरात येऊन थडकला आणि इथून पुढे दक्षिणेत उतरला तो कायमचाच.

राजघाटाच्या पायऱ्या पाहून मी नदी ओलांडून जैनाबादेत गेलो. आहुखाना आज पडक्या भिंती आणि झुडपं एवढाच आहे. फारुकींनी हे शहर वसवलं तेव्हा त्याला नाव दिलं खुलताबादचे सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचं आणि पलीकडच्या वस्तीला त्यांचे शिष्य जैनुद्दीन यांचं. 1707 मध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ वारला, तेव्हा त्याला खुलताबादला नेऊन पुरलं, ते या जैनुद्दीनांच्याच दर्ग्याच्या आवारात.