गिझर बिघडला तर घाबरू नये, गाफीलही राहू नये

मुंबईत थंडी ती किती! डिसेंबर-जानेवारीचे थोडे दिवस सोडले तर उपनगरात स्वेटर पेटीबाहेर निघत नाही. थंड देशांत घरभर नळ्या फिरवून खोल्या ऊबदार ठेवतात. आपल्याला ऊब लागते ती अंघोळीच्या बादलीपुरती. पण रात्रपाळी करून आलेल्याला, बाळंतिणीला, वृद्ध आईवडिलांना ती बादलीच मोठा आधार असते.

घाटकोपरच्या चाळीत आमच्याकडे तांब्याचा बंब होता. त्याचे दुखणे डोळ्यांना दिसायचे. जोड गळू लागला की डाग लावून आणायचा, राख साचली की काढून टाकायची. पुढे बादलीत सोडायचा रॉड आला आणि मुलुंडच्या इमारतीत राहायला आलो तेव्हा भिंतीवर 15 लिटरचा गिझर बसला. याचे दुखणे मात्र पत्र्याआड असते. म्हणून ते ओळखायला शिकावे लागते.

पाणी तापतच नाही, तर आधी वीज पोचते का ते पाहावे. एमसीबी पडला आहे का, गिझरचा दिवा लागतो का? दिवा लागूनही पाणी गार राहिले तर बहुधा आतली कॉइल जळालेली असते किंवा थर्मोस्टॅट बिघडलेला असतो. 2 किलोवॅटच्या गिझरला 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला साधारण 20 मिनिटे लागतात. पाऊण तास लागत असेल तर काहीतरी बिघडले आहे असे समजावे. टँकरच्या किंवा बोअरवेलच्या पाण्यात क्षार जास्त असतात. त्यांचा थर कॉइलवर बसतो, वीज खर्च होते आणि कॉइल लवकर जाते.

बाजूच्या व्हॉल्व्हमधून पाणी तापताना चार थेंब पडले तर घाबरू नये. पाणी तापले की फुगते, त्याला वाट लागते. तो व्हॉल्व्ह कधीही बंद करू नये. पाणी उकळून वाफ येऊ लागली तर मात्र थर्मोस्टॅट अडकलेला असतो. अशा वेळी कटआउट वीज तोडतो. काही मेकॅनिक 'सारखा तुटतोय' म्हणून कटआउट काढून वायर डायरेक्ट जोडतात. हे कदापि करू देऊ नये. राखणदाराला घरी पाठवून चोर थांबत नाही.

प्लग गरम होणे, काळा पडणे हीसुद्धा सूचनाच आहे. 2 किलोवॅटचा गिझर जवळजवळ 9 अँपिअर वीज घेतो. त्याला 16 अँपिअरचाच पॉइंट हवा, टीव्हीचा लहान पॉइंट चालत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. दोन हिवाळ्यांपूर्वी आमच्या न्हाणीघरात नळाला हात लावला की मुंग्या येऊ लागल्या. बोलावलेला मेकॅनिक म्हणाला, "काका, चपला घालून अंघोळ करा, मुंबईत सगळीकडे असंच असतं." आमची धाकटी रोज सहा वाजता त्याच नळाखाली उभी राहायची. आम्ही गिझर बंद केला आणि परवानाधारक वायरमन बोलावला. त्याने पॉइंट उघडला तर अर्थिंगची हिरवी वायर भिंतीतच तोडून ठेवलेली! कॉइलला चीर गेली होती, वीज पाण्यात उतरत होती आणि तिला जमिनीत जायला वाट नव्हती. ती वाट आमच्या अंगातून जाणार होती. कॉइल बदलली, अर्थिंग जोडले आणि वीज गळताच क्षणात तोडणारे 30 मिलिअँपिअरचे यंत्र बसवले. मग मजल्यावरच्या इतर घरांतही पॉइंट उघडून पाहिले. आणखी दोन घरांत तीच गत निघाली.

भगिनींनो, सॉकेटला तिसरे भोक आहे म्हणजे अर्थिंग आहे असे नाही. नुसत्या टेस्टरनेही ते कळत नाही. वायरमनकडून तपासून घ्यावे, आणि तो तपासत असताना समोर उभे राहावे. रॉड वापरत असाल तर तो चालू असताना पाण्यात बोट घालून पाहू नये. आधी बटण बंद करावे, प्लग काढावा, मग हात लावावा. विकत घेताना आयएसआय चिन्ह पाहावे.

गॅसचा गिझर असेल तर तो बंद न्हाणीघरात नकोच. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. ज्योत निळी असावी. पिवळी दिसली, डोके जड झाले, मळमळले तर लगेच गॅस बंद करून बाहेर मोकळ्या हवेत यावे.

आपल्या वस्त्यांतली कितीतरी मुले आयटीआयमधून वायरमनचे शिक्षण घेऊन बाहेर पडली आहेत. एका रविवारी अशा मुलाला मजल्यावर बोलवावे, चहा द्यावा, कामाचे पैसेही द्यावेत आणि प्रत्येक घराचे अर्थिंग तपासून घ्यावे. थंडी पडण्याआधीच हे काम उरकावे.