पळसदरी, तीन दिवसांचं पीठ आणि एक बटाटावडा



उन्हाळी सुट्टीचा शेवटचा आठवडा म्हणजे आमच्या घरी भांडणाचा आठवडा. यंदा त्यात थायलंडची भर पडली. थोरल्याच्या वर्गातला एक मित्र फुकेटला जाऊन आला. निळं पाणी, पांढरी वाळू, हॉटेलातच पोहायचा तलाव आणि त्यात घसरगुंडी! हे सगळं आमच्या चिरंजीवांनी मला पोळ्या लाटताना ऐकवलं आणि शेवटी विचारलं, "आई, आपण कुठं जायचं?"

"पळसदरीला."

"ते कुठल्या देशात आहे?"

पळसदरी कर्जतच्या पुढे आहे. डोंबिवलीहून कर्जत लोकल पकडायची, तिथून खोपोलीच्या गाडीत बसायचं, की पहिलंच स्टेशन. ह्यांच्या ओळखीतल्या एकांचं तिथं शेतघर आहे. भाडं परवडणारं, स्वयंपाकघर स्वतंत्र, आवारात विहीर. सासूबाई बाहेरचं काही खात नाहीत आणि त्यांना घरी एकटं ठेवून जायचं मला पटत नाही. शिवाय महिन्याभरात चातुर्मास लागणार. एकदा चातुर्मास लागला की आम्ही फिरायला म्हणून बाहेर पडत नाही. म्हणजे जे काय ते आत्ताच.

सामान बांधणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. पाणी गाळायचं जाड कापड, विहिरीसाठी बादली आणि दोर, मुगाची डाळ, कच्ची केळी, दुधी, आल्याऐवजी सुंठ, लसूण न घातलेलं सांगलीचं भडंग. पीठ किती घ्यायचं यावर मी अडले. हिशोबाने मर्यादा अजून उन्हाळ्याची, म्हणजे पाच दिवसांची होती. आषाढ अष्टाह्निकेनंतर आपण पावसाळ्याची, तीन दिवसांची धरतो. सासूबाई म्हणाल्या, "पाऊस काय पंचांग बघून येतोय? दमट हवा आहे. तीन दिवस पुरेल एवढंच घे." म्हणून सहलही तीन दिवसांचीच ठरली. आमच्या घरी सुट्टीची लांबी पीठ ठरवतं!

कर्जतला उतरलो तेव्हा खोपोलीच्या गाडीला पाऊण तास होता. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना घाट चढायला इथं मागून जादा इंजिनं लावतात. ती बघायला हे थोरल्याला घेऊन प्लॅटफॉर्मच्या टोकाला गेले. मी, सासूबाई आणि चार वर्षांची धाकटी सामानापाशी बसलो. दोघं परत आले तेव्हा थोरला फार शहाण्यासारखा वागत होता. बाटलीतलं पाणी न सांगता प्यायला, तोंड पुसलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पळसदरीला पाऊस आमच्या आधी पोचला होता. दोनच दिवस पडला असेल, पण डोंगर हिरवे व्हायला लागले होते. समोर घाट, त्यातून वळत जाणारी गाडी कधी दिसायची, कधी ढगात गडप. पावसाळ्यात इथं येणारे लोक दोन प्रकारचे. काही स्वामी समर्थांच्या मठात येतात, बाकीचे धरणावर आणि धबधब्यात भिजायला. शेतघर सांभाळणाऱ्या मावशींनी आम्ही पिशव्या खाली ठेवायच्या आधीच सांगितलं, "ताई, पोरांना धरणाकडं एकटं सोडू नका. पाणी दिसतं उथळ, पण तसं नसतं. पावसाळ्यात कुणी ना कुणी जातंच."

मी लगेच जाहीर केलं, "धरणाकडं जायचं नाही. पाण्यात उतरायचं नाही."

"मग आलो कशाला?" थोरला म्हणाला.

खरंच होतं त्याचं. पण त्याला दुसरा खेळ लवकरच सापडला. पहिल्या पावसानं जमिनीतलं सगळं जग वर आलं होतं. पाठशाळेत इंद्रियं शिकवलेली, त्यामुळे दोघं अंगणभर मोजत फिरत होते. गांडूळ, दोन इंद्रियं. गोगलगाय, दोन. मुंगी, तीन. गोम, तीन. माशी, चार. बेडूक, पाच! धाकटीनं विचारलं, "आज्जीला किती?" मी म्हटलं, पाच. "म्हणजे आज्जी आणि बेडूक सारखेच?" सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला. म्हणाल्या, "इंद्रियांनी सारखेच गं बाळा."

इथवर सगळं छान होतं. पण मैत्रिणींनो, खरं सांगते, त्या दिवशी मी मुलांच्या मागे सारखी फिरत होते. गवतात पाय नको. शेवाळ्यावर नको. डबक्यात उडी नको, जीव मरतात. उंबर उचलू नको. चिखल नको, जीव मरतात. फांदी ओढू नको. संध्याकाळी थोरला माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "आई, तू आज एकतीस वेळा नको म्हणालीस. मी मोजलं."

मी हसण्यावारी नेलं. आभाळ भरून आलेलं, सूर्य कुठं आहे पत्ता नाही, सासूबाई दर पाच मिनिटांनी वेळ विचारत होत्या आणि मला दिवसाउजेडी सगळ्यांची जेवणं उरकायची होती.

जेवणं झाली, अंधार पडला आणि वीज गेली. आधी मी वैतागले, पण मग धाकटी ओरडली, "आई, झाड लागलंय!" आवारातल्या झाडावर काजवे होते. एक-दोन नव्हे, अख्खं झाड उजळत होतं आणि विझत होतं. आम्ही पाचही जण ओसरीवर गप्प बसून बघत होतो. फुकेटला हे असतं की नाही मला माहीत नाही, पण त्या वेळी मला तिथंही जायचं नव्हतं.

थोड्या वेळानं बघते तर थोरल्याच्या हातात पाण्याची रिकामी बाटली, आत काजवा आणि झाकण घट्ट लावलेलं.

"सोड त्याला. नको असं करू. जीव जाईल त्याचा."

"थोडा वेळ."

"नको म्हटलं ना!"

आणि तो एकदम बोलला. "तू सगळ्यालाच नको म्हणतेस! मी कर्जतला वडा खाल्ला. बटाट्याचा. लसणाच्या चटणीचा. काही झालं नाही मला!"

अंधार होता म्हणून बरं. कुणाचा चेहरा कुणाला दिसला नाही.

मी ह्यांना एवढंच विचारलं, "अहो, तुम्ही?" हे म्हणाले, "त्याने मागितला. मी त्याला म्हणालो, आईला सांगू नकोस." मग थोडं थांबून, "मी स्वतः आठवीपासून खातोय. आईला अजून माहीत नव्हतं."

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "माहीत होतं. तुझ्या शर्टाला लसणीच्या चटणीचा वास यायचा."

कुणीच काही बोललं नाही. तीस वर्षं त्या शर्ट धूत होत्या आणि गप्प होत्या. मी विचारलं, "आई, तुम्ही कधी बोलला का नाहीत?" म्हणाल्या, "बोलले असते तर तो खायचा थांबला नसता. खोटं मात्र जास्त बोलायला लागला असता. म्हणून गप्प राहिले. ते बरोबर केलं की चूक, मला अजून कळलेलं नाही."

मग त्यांनी नातवाला जवळ घेतलं आणि आपली गोष्ट सांगितली. लहानपणी मैत्रिणीच्या घरी आषाढी एकादशीला त्यांनी रताळ्याच्या गोड चकत्या खाल्ल्या होत्या. घरी येऊन वडिलांना सांगितलं. वडील रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी शेतात नेऊन रताळ्याचा एक वेल दाखवला. म्हणाले, पान तोडलं तर वेल जगतो, पण कंद काढला की तो वेल गेला आणि त्याच्याबरोबर मातीतलेही किती जीव गेले, बघ. पुढं खायचं की नाही ते तू ठरव.

"मग तू काय ठरवलंस?" थोरल्यानं विचारलं.

"लगेच काही नाही ठरवलं. दोन वर्षांनी नियम घेतला. माझा मीच."

थोरला काही बोलला नाही. उठला, ओसरीच्या कडेला गेला आणि बाटलीचं झाकण काढलं. काजवा लगेच उडाला नाही, काठावर बसून राहिला. मग गेला.

रात्री मला झोप लागली नाही. वड्याचं दुःख होतंच, पण त्याहून एक वाक्य कानात घुमत होतं, 'काही झालं नाही मला.' बटाट्याला नको म्हटलं, त्याने खाल्ला, काही झालं नाही. उद्या धरणाच्या पाण्यालाही तो तेच लावेल. माझे एकतीस नको त्याच्या कानाला एकाच वजनाचे होते. ते वजन एकसारखं कुणी केलं? मीच. आणि आणखी एक कबूल करते. चिखलाच्या वेळी मी 'जीव मरतात' म्हणाले, ते खरं तर मला कपडे धुवायचा कंटाळा होता म्हणून. माझ्या कंटाळ्याला मी धर्माचं नाव दिलं होतं.

सकाळी मी त्याला घेऊन पायरीवर बसले आणि माझे नको वेगळे केले. धरणाचं नको, त्यात चर्चा नाही, तिथं जीव तुझा आहे. बटाटा, काजवा, गवत, हे आपल्या घराचं नको. याचं कारण तू विचारायचं आणि मी सांगायचं. मला माहीत नसेल तर आज्जीला विचारू. आणि चिखलाचं नको माझ्या आळसाचं होतं. घराजवळ कोरडं अंगण आहे तिथं कपडे मळव हवे तेवढे. तो माझ्याकडे बघतच राहिला. मोठ्या माणसानं चूक कबूल केली की मुलं जरा घाबरतातच.

पहिलं 'का' लगेच आलं. "उंबर का नको?" अष्टमूलगुणात पाच उदुंबर फळं वर्ज्य आहेत हे आपल्याला पाठ असतं, पण त्याला पाठांतर नको होतं. सासूबाईंनी झाडाखाली पडून फुटलेलं एक उंबर दाखवलं. आतून बारीक केंबरं निघत होती. "आपल्याकडं उंबर फोडून केंबरं काढणं म्हणतात ते हेच," त्या म्हणाल्या. त्याने वाकून बराच वेळ बघितलं. "आत त्यांचं घर आहे," एवढंच म्हणाला.

"पण बटाट्यात तर दिसत नाहीत," हा पुढचा प्रश्न. अनंतकाय म्हणजे काय ते मी जमेल तसं सांगितलं. त्याला पटलं का? मला नाही वाटत. पण त्याने विचारलं, आणि मी 'गप्प बस' म्हणाले नाही.

त्याला सगळ्यात आवडली ती विहीर. सासूबाईंनी पाणी शेंदलं, दुहेरी कापडातून गाळलं. मग ते कापड गाळलेल्या पाण्यानंच हलक्या हातानं बादलीत उलटं धुतलं आणि म्हणाल्या, "आता हे जिवाणी परत पोचवायचं. ज्या विहिरीतले जीव, त्याच विहिरीत. वरून ओतायचं नाही, त्यांना मार लागतो. बादली पाण्याला टेकली की मग तिरपी करायची." हा उद्योग त्याने तीन दिवस कुणाला करू दिला नाही. दोन घडी, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं झाली की ह्यांच्या घड्याळात बघून ओरडायचा, "आज्जी, पाण्याची वेळ संपली, परत गाळायचं!" त्याला आमच्या धर्मात करण्यासारखं काहीतरी सापडलं होतं. मी त्याला आजवर फक्त न करण्यासारखंच दाखवलं होतं.

तिसऱ्या दिवशी पीठ संपलं आणि आम्ही निघालो. कर्जतला गाडी बदलताना वड्यांचा वास आलाच. ह्यांनी थोरल्याकडे बघितलं, थोरल्यानं माझ्याकडे. मी म्हटलं, "मला विचारू नका. फक्त जे कराल ते माझ्यासमोर करा." हे म्हणाले, "आज नको." त्या दिवशीचा तो एकच नको, आणि तो माझा नव्हता.

थोरल्याचा व्रतबंध यंदा करायचा असं घरात ठरलं होतं, आठ वर्षं पूर्ण झाली आहेत. आता सासूबाईच म्हणाल्या, थांबू या. तो मागेल तेव्हा करू. माझ्या माहेरी हे कळल्यावर काय बोलतील याची मला धास्ती आहे, पण सासूबाईंचं म्हणणं मला पटलंय.

परवा घरी कच्च्या केळ्याचे वडे केले. केळी उकडून कुस्करली, त्यात हिरवी मिरची, कोथिंबीर, हिंग, हळद, किंचित सुंठ आणि लिंबू, वरून डाळीच्या पिठाचं आवरण. सुकं खोबरं आणि लाल तिखटाची चटणी, लसणाशिवाय. थोरल्यानं एक खाल्ला, विचार केला आणि म्हणाला, "कर्जतसारखा नाही लागत."

मी गप्प राहिले.

"पण चांगला आहे. अजून एक दे."

जय जिनेंद्र.