मनीचं रात्रीचं रडणं

कामथडीत महामार्गावरच्या ट्रकांचा आवाज कानांच्या सवयीचा झालाय, मनीचा होत नाही. पहाटे दाराशी बसून ती गळा काढते. आई म्हणते, "मांजर रडणं अशुभ, हाकल तिला." मला नाही पटत. मोठी मांजरं एकमेकांशी फारसं म्याव करत नाहीत; ते आर्जव बहुतेक माणसांसाठीच असतं. म्हणजे ती मलाच हाक मारतेय. शिवाय मांजराची शिकारीची वेळ तिन्हीसांजेची आणि पहाटेची. भाताच्या कणगीभोवतीचे उंदीर मारावेत म्हणून तर आपल्या घरांनी मांजर पाळलं!

आता झोपण्याआधी तिला दोरीशी खेळवते, दमली की पोटभर खायला घालते. रडली तरी उठत नाही. सुरुवातीला रडणं उलट वाढतं, जीव तुटतो. पण तेव्हा उठलं तर ती एवढंच शिकते, की आणखी रडलं की माणूस येतो.

म्हातारं मांजर अचानक रात्री रडू लागलं, तर थायरॉईड, रक्तदाब किंवा बहिरेपणही असू शकतं. माजावरची मादी तर रडणारच. तिची नसबंदी करून घ्यावी. हाकलण्याआधी एकदा जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा.