दुसऱ्याचा हिशेब

माणसाला स्वतःचा हिशेब ठेवण्याचा जितका कंटाळा असतो, तितकाच दुसऱ्याचा हिशेब ठेवण्याचा उत्साह असतो. महिनाअखेर आपला पगार गेला कुठे, हे मला आजवर एकदाही धडपणे सांगता आलेले नाही. पण शेजारच्या बिऱ्हाडाने नवी गाडी कशाच्या जोरावर घेतली, याचा हिशेब आमच्या घरी रात्रीची पाने मांडण्यापूर्वीच पुरा झालेला असतो. आणि ज्याला घर नाही, दार नाही, त्याचा हिशेब तर रस्त्याने चालता चालताही करता येतो. समोर हात आला की आपण मनाशी म्हणतो, ‘देऊन काय उपयोग? संध्याकाळी पिऊन टाकील.’ खिशातला हात खिशातच राहतो, आणि वर तत्त्व पाळल्याचे समाधान मिळते ते निराळेच!

मी असाच एक हिशेबनीस होतो. आईच्या देवपूजेसाठी फुले आणायला मी पहाटे दादरच्या फुलबाजारात जातो. तिथे पाट्या वाहणारा एक म्हातारासा माणूस होता. सगळे त्याला मामा म्हणत, म्हणून मीही मामाच म्हणू लागलो. मूळचा बीडकडचा. १९७२च्या दुष्काळात आईबापांच्या बोटाला धरून मुंबईत आला. आईबाप फुटपाथवरच गेले, बायको मुलाला घेऊन माहेरी गेली ती गेलीच. मामा मात्र एका बंद दुकानाच्या पायरीवर राहिला. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मी त्याला एक घोंगडी आणि शंभराची नोट दिली. भाऊबीजेला पाहतो तो घोंगडी नाही, आणि मामा भर सकाळी भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेला!

घरी येऊन मी हे सांगितले, तेव्हा ही म्हणाली, “अहो, मी आधीच म्हटलं होतं. घोंगडीसुद्धा विकून प्यायला असेल.” मला ते पटले. पटण्यासारखेच होते.

पुढे ओळख वाढल्यावर मी एकदा धीर करून त्याला घोंगडीबद्दल विचारले. तो हसला. म्हणाला, “घोंगडी झोपेत कुनीतरी वढून नेली, मास्तर. शंभराची मात्र प्यालो. खोटं कशाला बोलू?”

निम्मा हिशेब माझा बरोबर निघाला होता. पण त्याचा आनंद मात्र झाला नाही.

गेल्या वर्षी श्रावणात मामाने मला एक विलक्षण विनंती केली. कमरेच्या पिशवीतून दीडशे रुपये काढून त्याने माझ्या हातात ठेवले आणि म्हणाला, “हे तुमच्याजवळ ठिवा. माझ्याजवळ ऱ्हात न्हाईत.” बँकेत का ठेवत नाहीस, असे मी विचारणार होतो, पण मामाजवळ कागद नव्हते. एकदा होते, ते पावसात भिजले. पुन्हा केले, ते गाठोड्यासकट चोरीला गेले. शिवाय कागदावर पत्ता काय लिहायचा? फळीच्या दुकानाची तिसरी पायरी?

“आनि एक,” तो म्हणाला, “संध्याकाळचा मी मागाया आलो तर देऊ नका. पाया पडलो तरी देऊ नका.”

मी शंभर पानांची एक वही विकत घेतली. पहिल्या पानावर ‘श्री’ घातले आणि जमाखर्च मांडला. कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाला असे काही काम मिळाले की तो एकदम समाजसुधारक होतो. मी विचारत गेलो, तो सांगत गेला, आणि मी लिहीत गेलो. ती वही माझ्यासमोर आत्ता आहे.

तिच्यात पाहिले तर पहिला खर्च पोटाचा. आपण पाच किलो तांदूळ आणतो, डाळ भरून ठेवतो, उरलेली पोळी सकाळी फोडणीला टाकतो. मामाला चूल नाही, डबा नाही, फडताळ नाही. त्यामुळे सकाळचा चहा विकत, दुपारचा वडापाव विकत, रात्रीची राइस प्लेट विकत. शौचाला पैसे, आंघोळीला पैसे. म्हणजे जे आपल्याला घरात फुकट मिळते, ते सारे तो रोज सुटे विकत घेतो. काटकसर ही गोष्ट चारित्र्याची आहे, असे मी आजवर वर्गात सांगत आलो होतो. ती बरीचशी कपाटाची आहे, हे मला त्या वहीने शिकवले. ज्याला उद्यासाठी काही ठेवताच येत नाही, त्याच्या हातातला पैसा आजच संपायचा. रात्री उशाशी ठेवलेले शंभर रुपये सकाळी असतीलच असे नाही. पोटात गेलेले मात्र कुणी काढून नेत नाही.

आणि शेवटचा खर्च बाटलीचा. तो कधीच चुकत नसे. कधी नव्वदची एक, कधी दोन. एकदा मी जरा कठोरपणे म्हणालो, “मामा, हे एवढे वाचले असते तर?”

तो शांतपणे म्हणाला, “मास्तर, तुमी दार लावून झोपता. मी बाटली लावून झोपतो.”

मी गप्प झालो. डास, रात्रभर तोंडावर येणारे गाड्यांचे दिवे, उंदीर, कुणी तरी लाथ मारील ही धास्ती! या सगळ्यांच्या आड ओढायला त्याच्याजवळ तेवढेच एक दार होते. ते दार आतून पोखरते, हे त्यालाही ठाऊक होते. २०१५ साली मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली, तेव्हा त्यांत त्याच्या ओळखीचा एक हमाल होता. मिथेनॉलने आधी डोळे जातात, मग माणूस जातो. मामाने हे मला सांगितले, आणि संध्याकाळी आपली नव्वदची घेतली. फक्त तेव्हापासून तो सीलबंद घेतो, एवढेच!

आपल्याकडे हा विषय निघाला की आवाज चढतो. माझ्या एका आप्तांच्या दिवाणखान्यात काचेचे कपाट आहे, आणि त्यात परदेशी बाटल्या देवासारख्या मांडलेल्या आहेत. ते शनिवारी ‘घेतात’. मामा मात्र ‘पितो’. व्याकरणातला हा भेद मला वर्गात कधी शिकवावा लागला नाही; मुलांना तो उपजतच येतो. १९४९चा दारूबंदीचा कायदा आपल्या राज्यात नाव बदलून अजून जिवंत आहे, आणि त्याप्रमाणे पिणाऱ्याजवळ परवाना हवा. आमच्या आप्तांचा परवाना मी पाहिलेला नाही, मामाजवळही तो नव्हता. कायद्यापुढे दोघे सारखेच. फरक इतकाच की एकाच्या आणि कायद्याच्या मध्ये दिवाणखान्याचे दार आहे.

गणपतीत फुलांना मागणी प्रचंड असते. त्या दहा दिवसांत मामाने भरपूर पाट्या वाहिल्या, आणि माझ्या वहीत जमेची बाजू दोन हजारांच्या वर गेली. मग पितृपक्ष आला, बाजार मंदावला. त्यात दोन दिवस पावसाने झोडपले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दाराची घंटा वाजली. पाहतो तो मामा. आमच्या इमारतीत तो प्रथमच आला होता. अंगावरून पाणी गळत होते, हात पानासारखे थरथरत होते.

“मास्तर, पन्नास द्या.”

“मामा, संध्याकाळ आहे,” मी म्हणालो.

“ठावं हाय. दोन दिस काम न्हाई. घेतली न्हाई. लई तरास होतोय. पन्नासच द्या.”

“तुम्हीच सांगितलं होतं, पाया पडलो तरी देऊ नका.”

तो खरोखरच वाकला. मी त्याला उठवले, आत बोलावले, चहा देऊ केला. त्याने मान हलवली. कप धरता येणार नाही, हे त्याला कळत असावे. तो जिना उतरून गेला. दार लावून मी हिला म्हणालो, “आज मन घट्ट केलं.” ही काही बोलली नाही. मी वहीत तारीख घालून लिहिले : ‘पन्नास मागितले. दिले नाहीत.’ आणि खाली एक रेघ ओढली. त्या रेघेत माझा केवढा तरी अभिमान भरलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुलवाली मावशी मला पाहताच म्हणाली, “सर, तुमच्या मामाला पहाटे झटके आले. तोंडाला फेस आला होता. पोरांनी उचलून दवाखान्यात नेलंय.”

त्या रुग्णालयात माझ्या विद्यार्थ्याच्या वयाचे डॉक्टर होते. मी झालेला प्रकार सांगितला. थोडा शाबासकीच्या अपेक्षेनेच सांगितला असेन. ते म्हणाले, “सर, वीस-तीस वर्षं रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी तोडणं धोक्याचं असतं. मेंदू त्या गुंगीविरुद्ध स्वतःला ताणून धरायला शिकलेला असतो. गुंगी काढून घेतली की तो ताण मोकाट सुटतो. आधी हात कापतात, घाम फुटतो. दुसऱ्या दिवशी झटके येऊ शकतात. मग भ्रम होतो. उपचार नसले तर माणूस दगावतोही.”

“म्हणजे मी पन्नास रुपये द्यायला हवे होते?” मी विचारले.

“नाही,” ते म्हणाले. “त्याला इथं आणायला हवं होतं.”

इतके साधे उत्तर! पन्नास द्यावे की न द्यावे, या दोन वाटांत मी तत्त्वे तोलीत बसलो होतो, आणि तिसरी वाट टॅक्सीने वीस मिनिटांवर होती. ती मला सुचली नाही, कारण माझ्यापुढे आजारी माणूस उभा आहे हे मला दिसलेच नव्हते. मला मोह दिसला, वचन दिसले, माझा निग्रह दिसला. थरथरणारे हात तेवढे दिसले नाहीत.

मी दरवर्षी वर्गात गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ शिकवतो. सुधाकराचा अधःपात शिकवताना माझा आवाज दाटून येतो, असे मुले म्हणतात. पण सुधाकराजवळ काय नव्हते? वकिली होती, घर होते, दळण दळून संसार ओढणारी सिंधू होती. पडायला त्याच्याजवळ उंची होती, म्हणून ते नाटक झाले. मामा पायरीवरूनच पडला, त्याचे नाटक कोण लिहिणार? १९१९ साली गडकरी गेले. त्यानंतर शंभरावर वर्षे आपण सुधाकरासाठी डोळे पुसले, आणि थिएटरातून बाहेर पडताना मामाला ओलांडून घरी आलो.

मामा आठ दिवस रुग्णालयात होता. औषधे, जीवनसत्त्वाची इंजेक्शने आणि दोन वेळचे गरम जेवण यांनी तो सावरला. निघताना डॉक्टरांनी व्यसनमुक्तीच्या उपचारांचे सांगितले. पुण्याच्या मुक्तांगणाचे नाव मी ऐकून होतो, पु. ल. देशपांड्यांच्या देणगीच्या आधाराने अवचट पतिपत्नींनी १९८६ साली ते उभे केले. पण माझ्या मनात प्रश्न उभा राहिला, की उपचार घेऊन माणूस परत कुठे जायचा? त्याच पायरीवर? रात्री त्याच दिव्यांखाली? २०११च्या जनगणनेत देशात सतरा लाखांवर बेघर माणसे मोजली गेली. मुंबईत सत्तावन्न हजारांवर. शहरात दर लाख वस्तीमागे एक निवारा असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच सांगितले आहे. ते न्यायाधीश डॉक्टर नव्हते, पण औषध त्यांनी बरोबर लिहून दिले होते.

मामाला निवारा मिळाला तो मात्र फुलवाल्या मावशीमुळे. तिने एका व्यापाऱ्याला गळ घातली, आणि त्याने रात्रीची राखण म्हणून मामाला आपल्या गाळ्यात झोपू दिले. गाळा कसला, सहा फुटांची खोबण! पण तिला शटर होते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, झेंडूच्या ढिगांतून वाट काढीत, मामा माझ्याजवळ आला. “मास्तर, हिशेब करा,” म्हणाला. मी सगळे पैसे मोजून दिले. मनात म्हटले, आता उपदेश नको. त्याचे पैसे, त्याचा खर्च. तरीही मास्तरकी सुटत नाही. विचारलेच, “काय करणार?”

त्याने मला थांबायला सांगितले. अर्ध्या तासाने आला तो एक पत्र्याची पेटी आणि एक कुलूप घेऊन. किल्ली त्याने गळ्यात अडकवली होती.

“आता वही नको,” तो म्हणाला. मला बरे वाटले, आणि खरे सांगायचे तर थोडे वाईटही वाटले.

मामाची दारू सुटली का, असे तुम्ही विचाराल. हीसुद्धा अधूनमधून विचारते. मी एकदा त्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, “सुटली म्हनू नका. आज न्हाई घेतली.” मध्ये एकदा दोन दिवस तो दिसला नाही, तिसऱ्या दिवशी खाली मान घालून पाटी उचलताना दिसला. मी काही बोललो नाही. रुग्णालयात मात्र त्याला मी नेऊन आणले. दर महिन्याला जातो.

परवा दिवाळीची यादी करायला बसलो. फराळ, कपडे, फटाके, दिवाळी अंक, मुलाला हप्त्यावर हवा असलेला फोन. कागद संपला म्हणून जुनी वही ओढली, ती नेमकी मामाची निघाली. आमच्या यादीत आवश्यक किती आणि सवयीचे किती, हे मोजायला मी पेन्सिल घेतली, आणि दुसऱ्याच ओळीवर अडकलो. तेवढ्यात ते पान उलटले गेले. ‘पन्नास मागितले. दिले नाहीत.’ खाली ती ठसठशीत रेघ.

ती नोंद मी खोडलेली नाही. त्या वहीत माझ्या स्वतःच्या हिशेबाची तेवढी एकच ओळ आहे.