वाटीचे माप

चंडीगढच्या कॅपिटल कॉम्प्लेक्समधील सचिवालय, विधानभवन आणि उच्च न्यायालय यांची रचना करताना ल कॉर्बुझिए या वास्तुशिल्पज्ञाने ‘मॉड्युलर’ ही स्वतःची मोजपट्टी वापरली. हात उंचावून उभा असलेला माणूस हा तिचा आधार. आरंभी हा माणूस १७५ सेंटिमीटर उंचीचा होता. त्याच्यापासून निघणारी मापे फूट-इंचांत नीट बसेनात, म्हणून १९४६ मध्ये तो सहा फुटांचा, म्हणजे सुमारे १८३ सेंटिमीटरांचा झाला. दोन परिमाणांचा मेळ घालण्यासाठी माणूसच वाढवावा लागला!

स्वयंपाकघरातही हा मेळ सहजी बसत नाही. अमेरिकेतील कप सुमारे २३७ मिलिलिटरांचा, ऑस्ट्रेलियातील २५०चा, जपानमधील २००चा. अर्धा लिटर दूध एकीकडे दोन कप भरते, तर दुसरीकडे अडीच. आपली वाटी तर कोणत्याच कोष्टकात नाही. १९५६च्या कायद्याने दशमान पद्धत आली आणि शेर, मापटे, चिपटे हळूहळू बाजारातून गेली. वाटी राहिली, ती बाजाराची कधी नव्हतीच.

वाटीचे बळ प्रमाणात आहे. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी म्हटले, की वाटी लहान असो वा मोठी, भात साधतो. बांधकामावर एक घमेले सिमेंट, दोन वाळू आणि चार खडी घेतात, तेव्हा हाच हिशेब चालतो. कॅपिटलच्या उभारणीत डोक्यावरून काँक्रीट वाहणाऱ्या बायकांची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. मोजपट्टीतला सहा फुटी पुरुष त्यांच्यापैकी कोणीच नव्हती. तरी इमारती उभ्या राहिल्या त्या त्यांच्या कष्टावर.

प्रमाण अडते ते वेगळ्याच ठिकाणी. आईच्या वहीत ‘एका नारळाचा चव, दोन वाट्या साखर’ असे लिहिलेले असते. नारळ मोजून घेतलेला, साखर मात्र वाटीने. आता वाटी कोणती, हे कळल्यावाचून वडी जमत नाही. आई गेली, भांडी वाटली गेली, की अक्षर वाचता येते आणि पदार्थ हरवतो.

उपाय साधा आहे. ती वाटी घरात आहे तोवर काठोकाठ पाण्याने भरून ते पाणी तोलावे. जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. १५० भरले, तर अर्ध्या लिटराच्या तीन वाट्या आणि वर तिसरा हिस्सा. तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर, शक्यतो आईच्याच हातून, लिहून घ्यावा.