पंख्याविना
उदगीरला आम्ही शिकवू लागलो ते भारनियमनाच्या काळात. लॅपटॉपची बॅटरी दोन तासांत मान टाकी. प्रबंधाची किती पाने त्या अंधारात गेली, त्याचा हिशेब ठेवण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही. २०२० साली ॲपलचा एम१ आला. आठ कोअर : चार वेगासाठी, चार काटकसरीसाठी, त्यावरच्या मॅकबुक एअरला तर पंखाच नव्हता. चिपमधील मुख्य वीजखर्च विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून दाब उतरवून सावकाश चालणारा कोअर तेच काम थोडक्या विजेत उरकतो. (सावकाशीचा हा गौरव आम्हां मराठीच्या प्राध्यापकांना सुखावतो, हे कबूल!) आमचा आताचा लॅपटॉप दिवसभर पुरतो. तरीही दर परिच्छेदाला बोट 'सेव्ह'कडे जातेच.