गळ आपल्याही हाती!

मैत्रिणींनो, काश्मीर पाहून आलेली शेजारीण लिद्दर नदीकाठचे तंबू आणि तिथल्या ट्राउट माशाचं कौतुक सांगू लागली की वाटतं ना, ‘आपल्या नशिबी कुठलं हे!’ खरंच आहे. ट्राउटला थंडगार, वाहतं पाणी हवं. पाणी २० अंशांच्या वर तापलं की त्याचा जीव कासावीस. काश्मिरातही तो मूळचा नव्हेच. १९०० च्या सुमारास इंग्रजांनी त्याची अंडी बोटीनं आणवून तिथं वाढवली. आमच्या यवतमाळच्या उन्हाळ्यात त्या बिचाऱ्याचा काय टिकाव लागणार!

पण नदीकाठचा मुक्काम ट्राउटवाचून अडत नाही हं. आमच्या फुलसावंगीच्या माणसांची हक्काची नदी म्हणजे पैनगंगा. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून ती यवतमाळ आणि नांदेडची शीव आखत, माहूरच्या रेणुकेच्या डोंगराजवळून पुढे जाते. तिच्या डोहांत रोहू, मरळ, वाम, झिंगे सगळं आहे. वाम गांडुळाला येते, रोहूला मात्र कणकेची गोळी आवडते. म्हणजे अर्धी तयारी आपल्या परातीतच!

अडचण वेगळीच आहे. अशा सहलीत गळ पुरुषांच्या हाती आणि चूल आपल्या पुढ्यात. घरचा ओटा उचलून वाळूत मांडला, एवढाच काय तो फरक. म्हणून आमच्या तीन घरांनी एक नियम केला आहे. भाकरी, ठेचा घरून न्यायचा. रोडगे आणि वांग्याची भाजी पुरुषांनी करायची. वऱ्हाडात पंगतीचे रोडगे नाहीतरी पुरुषच भाजतात, मग इथंच संकोच कशाला? आपण गळ टाकून दोन तास नुसतं बसायचं. शाळा, डबे, पाहुणे यांत नुसतं बसणं आपण विसरूनच गेलो आहोत. गळाला मासा लागो न लागो, माणूस शांत होऊन उठतं.

काही गोष्टी मात्र पक्क्या ध्यानात ठेवा. दिवाळीनंतर ते संक्रांतीपर्यंतचा काळ उत्तम. पावसाळ्यात रोहूसारखी मासळी अंडी घालते. तेव्हा गळ टाकूच नये. वर इसापूरचं धरण आहे. पाणी सोडलं की पात्र भराभर भरतं, म्हणून मुक्काम वाळूत नको, उंच काठावर हवा. जवळच्या गावात आधी चौकशी करा. मासेमारीचा ठेका कुणाचा असेल तर त्यांना विचारूनच गळ टाका. पैनगंगा अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल नको. सहस्रकुंडचा धबधबा जरूर पाहा, पण तिथले कातळ निसरडे असतात, मुलांचा हात सोडू नका.

आणि हो, निघताना यजमानांच्या हाती आधी परात द्या, मगच गळाची काठी उचला!